जखमेआधीची पट्टी

आमच्या कालव्याकाठी घराचं पुढचं दार दोनदाच उघडतं. लग्न होऊन कुणी घरात येतं तेव्हा, आणि कुणी कायमचं बाहेर पडतं तेव्हा. एरवी सगळा राबता मागच्या दाराने. त्यातही सख्ख्या शेजाऱ्याने दार वाजवायचं नसतं, सरळ आत यायचं. अशा शेजाऱ्याला आम्ही नाओबर म्हणतो. नाओबर म्हणजे नुसता कुंपणापलीकडे राहणारा नव्हे. बाळंतपण, दुखणं, मयत, काहीही असो, पहिली हाक त्याला, आणि हाक आली की हातातलं टाकून जायचं. मी लम्मी, सिस्टर गेसीनची नाओबर. सासूने मला दागिन्यातलं काही दिलं नाही, पण हे शेजारपण मात्र न मागता दिलं. दागिने असते तर एवढे अंगावर घातलेही नसते, म्हणा.

गेल्या वसंतात सिस्टरच्या नवऱ्याला, हार्मना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, आणि डोक्यातला काळ मागे कुठेतरी जाऊन बसला. हॉस्पिटलने हात टेकले आणि घरी न्या म्हणून सांगितलं. मोठा लोखंडी पलंग घेऊन दोन माणसं आली आणि पुढचं दार उघडा म्हणू लागली.

"ते दार आज उघडायचं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"अहो बाई, हा पलंग स्वयंपाकघरातून जायचा नाही."

"मग सुटा करा."

केला बिचाऱ्यांनी सुटा. एकेक नळी, एकेक चाक आम्ही चुलीजवळून आत नेलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीशी, पाण्याकडे तोंड करून पलंग पुन्हा उभा केला. त्यावर हवेची गादी. पंप गुरगुरायला लागला की गादीचा एक पट्टा फुगायचा, दुसरा हळूच बसायचा. हार्मना त्यावर निजवलं. ते बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, "सुटलो."

"काय सुटलं?" मी विचारलं.

"दोर. बोट सुटली."

आणि खरंच सुटली म्हणायची. हार्मचा अर्धा जन्म मालवाहू बोटीवर गेलेला. वाळू, बटाटे, जळणासाठी वाळवलेली दलदलीची माती, जे मिळेल ते घेऊन कालव्या-कालव्यांतून हिंडायचे. त्या दिवसापासून ते परत त्या वाटेला लागले. पंप म्हणजे इंजिन, गादी म्हणजे पाणी. ऊन कालव्यावरून उसळून छतावर यायचं आणि छतभर सावकाश हलत राहायचं, आणि हार्म उताणे पडून ते बघत पुलांची नावं घ्यायचे. घाई नाही, काही नाही. एक पूल मागे पडला की मध्ये बराच वेळ गप्प. मग दुसरा पूल. मी अंडी द्यायला जायची आणि तिथेच खुर्चीवर टेकायची. पंपाचा आवाज ऐकता ऐकता मलाही वाटायला लागायचं की खिडकीबाहेरची झाडंच मागे चाललीत. घरी गेल्यावर बटाटे सोलताना पायाखालची फरशी किंचित हलल्यासारखी वाटायची. माझ्यासारख्या बाईला असली स्वप्नं परवडत नाहीत, पण त्या खोलीत शिरलं की पडायचीच.

फक्त एक होतं. त्या बोटीवर हार्म एकटे होते. लग्न व्हायचं होतं, घर व्हायचं होतं, गेसीन नावाची कुणी बाई अजून भेटायची होती.

आता या बाईविषयी सांगते. सिस्टर गेसीन म्हणजे आमच्या कालव्याची फिरती नर्स. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अख्खं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. नवराही चारचौघांत सिस्टरच म्हणायचा. उंच, हाडापेराने मोठ्या, केस पोरासारखे बारीक कापलेले, आणि बोलणं असं की वाक्य संपलं की ते संपलं. घरोघर अंथरुणाला खिळलेली माणसं बघायला त्या सायकलवरून जायच्या. एका पिशवीत बर्फाने भरलेला थर्मास, दुसऱ्या पिशवीत केस वाळवायचा ड्रायर.

हसू नका. त्या काळी आमच्याकडे हेच शिकवायचे. माणूस एकाच जागी पडून राहिला की हाडाखालची कातडी दबते, रक्त पोचत नाही, आणि ती आतून सडायला लागते. माकडहाड, खुबा, टाच, या जागा आधी जातात. त्यावर आमच्या लोकांनी काढलेला इलाज असा, की त्या जागेवर बर्फ चोळायचा, लाल होईपर्यंत, आणि मग गरम वाऱ्याने खडखडीत कोरडी करायची. आम्हाला सगळं घासूनपुसून कोरडं करायची भारी हौस. उंबरा घासतो, फुटपाथ घासतो, त्यातून माणसाचं बूड तरी कसं सुटावं. पुढे वरून हुकूम आला की हे बंद करा, याने भलं होत नाही, उलट कातडीचे हाल होतात. सगळ्यांनी बंद केलं. सिस्टरनी तो कागद चुलीत घातला आणि थर्मास भरला.

"पडून राहिलेल्याची कातडी फुटली तर तो रोग्याचा दोष नाही, नर्सचा," असं त्या म्हणायच्या. आणि त्यांच्या हाताखाली सहसा कुणाची फुटायची नाही, हे खरं. आता ती बर्फामुळे फुटत नसे, की ही बाई दिवसातून इतक्यांदा येऊन माणसाला कुशीवर वळवायची म्हणून, ते देव जाणे. मी तेव्हा विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं.

हार्मही त्यांना असेच मिळाले. एका हिवाळ्यात कालवा गोठला, बोटी जागच्या जागी अडकल्या, आणि हार्म बर्फावरून घसरून खुबा मोडून घेऊन आमच्या पुलाच्या रखवालदाराकडे येऊन पडले. मागच्या खोलीत, वसंत येईपर्यंत. सिस्टर रोज यायच्या, त्यांना कुशीवर करायच्या आणि बर्फ चोळायच्या. पुढे लग्नाच्या जेवणात हार्म उभे राहून म्हणाले, "या बाईने आधी माझ्या बुडाशी ओळख करून घेतली, तोंडाशी नंतर. तोंड पसंत पडलं नाही तरी आता सुटका नाही." बायका लाजेने खाली बघत हसत होत्या आणि सिस्टर सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. बोट विकून ते काठावर आले. त्या पुढच्या दारातून नवरीऐवजी नवरा आत आला, तेवढाच काय तो फरक. मूलबाळ झालं नाही. दोघंच होती, आणि तेवढी एकमेकांना पुरली.

तर आता त्याच हार्मना रोज बघायला अनौक नावाची पोरगी येऊ लागली. घरोघर जाणारी नर्स, म्हणजे सिस्टरच्याच गादीवर बसलेली. नाकात चमकी, पायात केशरी बूट, आणि सायकल विजेवर चालणारी. पहिल्याच दिवशी तिने चादर दूर केली आणि पिशवीतून कातडीच्या रंगाच्या जाड, मऊ पट्ट्या काढल्या. एक चांगली पसरट, माकडहाडावर बसेल अशी. दोन वाटीसारख्या, टाचांना.

"जखम कुठाय?" सिस्टरनी विचारलं.

"नाही अजून. म्हणूनच लावतेय."

"नसलेल्या जखमेला पट्टी. उद्या न मेलेल्याला खड्डा खणशील."

"सिस्टर, आपण बांध कधी घालतो? पाणी घरात शिरल्यावर?"

मला हसू आलं. सिस्टरनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून कपबशा विसळायला गेले. पण कान तिथेच होते. अनौक हात चालवता चालवता सांगत होती. माणूस पलंगावर खाली सरकतो तेव्हा कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. त्या ओढाताणीत आतल्या आत फाटतं. ही पट्टी मध्ये बसून ती ओढ आपल्या अंगावर घेते, घामही टिपते. "पण पट्टी आहे म्हणून एका कुशीवर पडू द्यायचं नाही हं. वळवायचंच. पोटरीखाली उशी, टाच हवेत. आणि रोज ही कड अशी सोडवायची, आत बघायचं आणि परत चिकटवायची. हिला एवढं कळतं, पुन्हा चिकटते."

तिने टाचेवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे पांढरं उमटलं आणि हळूहळू गुलाबी झालं.

"असं झालं तर ठीक. लाल डाग पडला आणि दाबूनही लालच राहिला, तर आत मोडायला लागलं समजायचं. आणि सिस्टर, बर्फ नाही. ड्रायर नाही. चोळायचं नाही. ऐकलंय मी तुमच्याबद्दल."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

जाताना अनौकने खरं ते सांगितलं. हार्म अगदी नाजूक अवस्थेत आहेत, डावी टाच तर त्यांना जेमतेमच जाणवते. ती उघडली तर घरी सांभाळणं तिच्या हाती राहणार नाही, शहरातल्या शुश्रूषागृहात न्यावं लागेल. ते शुश्रूषागृह मी बघितलंय. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, आणि खिडकीतून गाड्या उभ्या केलेल्या दिसतात. पाणी नाही. हार्मना तिथे नेणं म्हणजे चालती बोट वाळूवर काढणं. सिस्टर खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली मी बघितली.

अनौकची पाठ वळली मात्र, म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली."

"पण खोटं काय बोलली ती?"

"तू भांडी विसळ."

पुढे दिवस छान गेले. काठावरचं गवत वाढलं, बदकांना पिल्लं झाली. खिडकी उघडी असायची आणि पडदा फुगून आत यायचा, हार्म त्याला शीड म्हणायचे. आम्ही दोघी मिळून त्यांना वळवायचो. डाव्या कुशीवर केलं की ते म्हणायचे, "वळण आलं का?" उजव्या कुशीवर केलं की म्हणायचे, "सावकाश, पूल बुटका आहे." सिस्टर त्यांना ताकातली पेज भरवायच्या आणि ते चमचा तोंडातून निघाल्यावर अदबीने म्हणायचे, "उपकार झाले, बाई." सगळ्या जगाशी ते अदबीने बोलत होते. सिस्टरशीसुद्धा. जन्मभर जिला "पोरी" म्हणून हाक मारली तिला बाई म्हणत होते, आणि सिस्टर तोंड पुसून चमचा धुवायला जात होत्या.

मग एका दिवशी अनौकने पट्टीची कड सोडवली आणि तशीच वाकून राहिली. डाव्या टाचेवर वालाच्या दाण्याएवढा लाल डाग. तिने अंगठा दाबला, उचलला. लाल. परत दाबला. लालच.

"काही कळत नाही," ती म्हणाली. "वळवताय ना नीट?"

"माझ्यासमोर वळवतो," मी म्हटलं. मला राग आला होता.

"उशी सरकते का?"

"नाही."

"कातडी किती कोरडी पडलीय बघा, नुसती कागदासारखी." तिने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर टॉवेलाची घडी घालत होत्या. घडी घालून झाली होती, तरी घालत होत्या. "थोडे दिवस बघू," अनौक म्हणाली. "नाही उतरला डाग, तर मला डॉक्टरांशी बोलावं लागेल."

मी काही फार हुशार नाही. पण त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकताना माझ्या कानावर एक आवाज आला आणि लक्षात आलं की हा आवाज आपण रोज याच वेळी ऐकतोय. ड्रायरचा. त्या घरात डोक्यावर केस कुणाला आहेत? हार्मना टक्कल, सिस्टरचे बोटभर. मी दाण्याचं टोपलं तिथेच टाकलं आणि मागच्या दाराने सरळ आत शिरले.

सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. हार्मची डावी टाच त्यांच्या मांडीवर. पट्टी सोडवून पलंगाच्या दांड्याला चिकटवून ठेवलेली, हाताशी असावी म्हणून. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळलेला शेजारी पडला होता, आणि त्या ड्रायर फिरवत होत्या, मागे, पुढे, जसं काही पाळणा हलवतायत. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हार्म बोलले.

"दक्षिणेचा वारा सुटला गं."

"हो. सुटला," सिस्टर म्हणाल्या.

"आधी मारतेस गारठवून, मग शेकतेस. काय बाई आहेस." ते डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होते. छताकडे नाही, पाण्याकडे नाही, त्यांच्याकडे. "गेसीन," ते म्हणाले. "पोरी, म्हातारी झालीस की."

मी उघडलेलं तोंड मिटलं. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नव्हतं. सिस्टरनी ड्रायर बंद केला. हार्म थोडा वेळ तसेच बघत राहिले. मग त्यांची नजर सावकाश वर छतावर गेली, हलत्या उजेडात, आणि ते कुठल्याशा पुलाचं नाव पुटपुटले. गेले परत.

स्वयंपाकघरात मात्र मी सोडलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच आहे. "अहो सिस्टर, वेड लागलंय का तुम्हाला? त्या पोरीने बजावून सांगितलं होतं. तुमच्या हट्टापायी माणूस घरातून जाईल. जित्याची खोड म्हणतात ती हीच."

"हट्ट नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"मला काय कळत नाही वाटलं तुला? त्या पोरीच्या आधी मी दाबून बघितलाय तो डाग. पांढरा होत नाही. होणार नाही. मी काय करतेय ते मला माहीत आहे." त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. "दिवसभर तो त्या बोटीवर असतो, लम्मी. त्या बोटीवर मी नाही. बर्फ माकडहाडाशी लागला की थांबतो. टाचेशी वारा आला की उतरतो. तेवढाच. कप भरून कॉफी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही. पण तेवढा वेळ मी आहे."

माझा नवरा गेला तो एका झटक्यात, बटाट्याच्या शेतात. तो मला विसरला नाही. नशीबच म्हणायचं.

"रोज म्हणते, आजचा दिवस," सिस्टर म्हणाल्या. "उद्यापासून नाही. रोज म्हणते."

"आणि टाच फुटली म्हणजे? तिथे नेल्यावर कोण बर्फ लावू देणार आहे तुम्हाला? हेही जाईल आणि तेही जाईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सिस्टर ओट्यापासून दूर झाल्या. मग पुढच्या खोलीत गेल्या, बर्फाचं फडकं घेऊन आल्या आणि मोरीत उलटं केलं. आम्ही दोघी तो बर्फ विरघळताना बघत होतो. शेजारच्या खोलीत पंप गुरगुरत होता. शेवटचा तुकडा जाळीवर घुटमळला आणि गेला. सिस्टरनी ड्रायरची वायर गुंडाळून तो माझ्या हातात दिला.

"घरी ने. मी मागितला तरी देऊ नकोस."

एकदा आल्या मागायला. माझ्या मागच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, केस धुतलेत.

"कुठले केस?" मी विचारलं.

त्या परत गेल्या. दार लावून घेतलं आणि मी चुलीपाशी बसून रडले, हे त्यांना अजून माहीत नाही.

अनौकला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. मला वाटलं पोरगी आता फैलावर घेणार. तिने फक्त खुर्ची ओढली आणि सिस्टरच्या शेजारी बसली. म्हणाली, "माझ्या आजोबांना मी ओळखत नव्हते तेव्हा मीही काय काय करून बघितलं होतं." मग लगेच जीभ चावून म्हणाली, "म्हणजे ते मला ओळखत नव्हते." सिस्टरनी तिला कॉफी दिली आणि बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा पुढे केला. आमच्याकडे डबा एकदाच फिरतो, त्यामुळे मी समजायचं ते समजले.

पट्टी टाचेवर परत बसली आणि आता फक्त बघण्यापुरती सुटू लागली. टाच हवेत, पोटरी उशीवर, चर्चची घंटा ऐकली की कूस बदलायची. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं. लाल डाग जांभळट झाला, मग मळकट, मग एका दिवशी अनौक म्हणाली, "सिस्टर, तुम्ही दाबा." सिस्टरनी अंगठा ठेवला, उचलला. पांढरं उमटलं, आणि गुलाबी भरून आलं. अनौकने माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मी खोकले. हार्म घरीच राहणार, हे त्या दिवशी नक्की झालं. सिस्टर हसल्या नाहीत. "चांगलं झालं," म्हणाल्या, आणि पट्टीची कड तळहाताने दाबून धरली.

कारण हार्म परत आले नाहीत. टाच वाचली आणि माणूस दूर गेला, असं वाटत होतं. सिस्टरनी थंडगार हात लावून बघितला. सायकलची घंटा खोलीत आणून वाजवली. उपयोग नाही. "ठेवा तिथेच, बाई," एवढंच. उन्हाळा उतरणीला लागला, सकाळी धुकं खिडकीला टेकू लागलं, पलीकडचा काठ दिसेनासा झाला. त्या पांढऱ्या खोलीत पंपाचा आवाज आणि मधूनच एखाद्या पुलाचं नाव. पुलांची नावं मी मोजत नव्हते. पण हार्म आता जी नावं घेत होते ती आमच्या बाजूची आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या दिवशीही धुकं होतं. वळवायला दोघी लागतो म्हणून मी आले होते. सिस्टरनी पायाशी बसून कड सोडवली, बघितलं, अंगठा ठेवला. हार्मनी मान वळवली.

"बाई, तुम्ही रोज येता," ते म्हणाले.

"हो."

"कुठल्या?"

"इथलीच. कालव्यावरची."

"मग माझं एक काम कराल? परतीच्या वाटेवर." ते दमले, थांबले. "पुढचं वळण गेलं की डाव्या हाताला माझं घर आहे. बायको आहे तिथे."

सिस्टरचा अंगठा टाचेवर तसाच राहिला. मी चादर धरून उभी होते, माझ्याने तिकडे बघवेना.

"नाव काय तिचं?" सिस्टरनी विचारलं. आवाज अगदी साधा, रोग्याला विचारतात तसा.

"गेसीन. नर्स आहे ती. वाट बघत असेल. बोलायची नाही, बोलणाऱ्यातली नाही, पण बघत असेल." परत थांबले. "तिला सांगा, पाणी उथळ आहे आणि धुकं आहे, म्हणून वेळ लागतोय. दुसरीकडे कुठे गेलो नाही. निघाल्यापासून तिच्याकडेच चाललोय."

"सांगते."

"विसराल."

"नाही विसरायची."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. सिस्टरनी पट्टीची कड टाचेवरून फिरवून जागेवर बसवली आणि वर तळहात ठेवला. हाताच्या उबेने ती नीट चिकटते, म्हणून धरून ठेवायची असते. त्यांनी फार वेळ धरली. गावातल्या किती मयतांना मी या बाईच्या शेजारी उभी राहिलेय, एकदाही डोळ्याला पाणी बघितलं नाही. आता ते नाकावरून वाहत चादरीवर पडत होतं आणि पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

"लम्मी, ऐकलंस ना तू?" त्या म्हणाल्या. "मला निरोप आहे."

"ऐकलं, सिस्टर. शब्द न् शब्द ऐकला."

मग आम्ही हार्मना खिडकीकडच्या कुशीवर केलं.